आधी एक पेरणी स्वतःच्या पैशानं

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी लिहितो, कारण असाच हिशेब असलेली घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. राळेगाव तालुका, सहा एकर कोरडवाहू वावर, तीन एकरांत पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तीन एकरांत सोयाबीन-तूर. घरात तुम्ही दोघं, सासूबाई, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. तुमचं वय ३०. शिलाई मशीन आणि बचत गटाचं काम मिळून महिन्याला चार-साडेचार हजार येतात. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज १ लाख ४० हजार, कृषी केंद्राची, म्हणजे बी-खताच्या दुकानाची, उधारी ४५ हजार, आणि मागच्या वर्षी सासरे वारले त्या आजारपणात गावातल्याच एकाकडून शेकडा ४ नं घेतलेले ६० हजार. सोनं दोन तोळे. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात एसआयपी केली, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक हप्ता टाकला, की पंचेचाळिशीत माणूस मोकळा होतो असं सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, “आम्ही महिन्याला दोन हजार काढू शकतो. कुठं लावू? आणि खरंच पंचेचाळिशीत मोकळं होता येईल का?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. पंचेचाळिशीत नाही. मी ३१ वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये काढली, वर्धा, यवतमाळ आणि शेवटी वाशीम जिल्ह्यात, त्यातली बरीच पीककर्जाच्या टेबलावर. सहा एकर कोरडवाहूवर पंधरा वर्षांत ‘आता हात हलवला नाही तरी चालते’ इथवर पोचलेलं घर मी पाहिलेलं नाही. मात्र जून महिन्यात कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही अशी घरं पाहिली आहेत, सहा एकरवालीसुद्धा. त्यांना वीस-बावीस वर्षं लागली. माझ्या लेखी कास्तकाराचं आर्थिक स्वातंत्र्य तिथूनच सुरू होतं, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्या जूनमध्येच आहे.

व्हिडिओवाल्याचं गणित चुकीचं नसतं, ते पगारदाराचं असतं. त्याच्या खात्यात १ तारखेला पैसे पडतात आणि ५ तारखेला हप्ता कापला जातो. आपल्याकडं पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत येतो. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपला, की संपला. मग जूनपासून पोळ्यापर्यंत नुसता बाहेर जातो. बी, खत, डवरणी, निंदण, फवारणी, शाळेची पुस्तकं, पावसाळ्यातला ताप. मासिक हप्ता बांधून घेतला की जुलैत खातं रिकामं, हप्ता परत, वर बँकेचा दंड. माझ्याच शाखेत तरुण पोरं तीन महिन्यांत एसआयपी बंद करून जायची आणि म्हणायची, “साहेब, हे आपल्यासाठी नाही.” त्यांच्यासाठी होतं, फक्त महिन्याचं नव्हतं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं ही गोष्ट फार आधी ओळखली होती. आजूबाजूच्या गावांसाठी त्यांनी आरोग्य विम्याची योजना काढली तेव्हा हप्ता ज्वारीत घेतला, सुगीच्या वेळी. कास्तकाराच्या घरात जेव्हा असतं, तेव्हाच मागायचं. तुमची बचतही अशीच बांधावी लागेल. शिलाईचे दोन हजार महिन्याचे, कापसाचे वर्षाचे. हे दोन वेगळे झरे आहेत, दोघांची कामंही वेगळी ठेवायची.

आता कर्ज. शेकडा ४ म्हणजे महिन्याला २,४०० रुपये, वर्षाला २८,८००. टक्केवारीत ४८. तुम्ही महिन्याला दोन हजार वाचवणार म्हणता, आणि त्याहून चारशे रुपये जास्त नुसतं व्याज चालू आहे. जगात कुठलाही फंड, कुठलीही बँक तुम्हाला ४८ टक्के देणार नाही. म्हणून सध्या तुमची सगळ्यात चांगली गुंतवणूक हे ६० हजार फेडणं हीच आहे. याच्या आधी एसआयपीचा रुपयाही नको.

कसे फेडायचे? दोन तोळे सोनं मोडायचं नाही, बँकेत गहाण ठेवायचं. हे लिहिताना मला तुमच्या सासूबाईंचा चेहरा दिसतो. सोनं बँकेत ठेवायचं म्हटलं की आपल्याकडं अब्रूवर येतं, आणि शेकडा ४ नं काढलेलं मात्र गुपचूप चालतं. त्यांना कागदावर मांडून दाखवा. आजच्या भावानं दोन तोळ्यांवर ६० हजार सहज मिळतात. बँकेचं व्याज साडेनऊ टक्के धरलं तर वर्षाचे ५,७०० होतात, म्हणजे तेवीस हजार वाचले. तुमचे महिन्याचे दोन हजार थेट या सोनेतारण खात्यात भरत जा, वर्षाचे २४ हजार झाले. कापसाचा चुकारा आला की एरवी व्याजात गेले असते ते तेवीस हजारही त्यातच. पहिल्या वर्षाच्या शेवटी अठरा-एकोणीस हजार उरतील, आणि दुसऱ्या दिवाळीआधी सोनं घरात. एक धोका सांगून ठेवतो : मुदत चुकवली तर बँक लिलाव करते, तिथं ओळख चालत नाही. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

पैसे परत करताना दोन माणसं सोबत न्या, आणि दिलेला कोरा चेक, सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर असेल तर तो हातात घेतल्याशिवाय शेवटची नोट सोडू नका. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ पासून आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेकडा ४ वाला माणूस बहुधा परवान्याशिवायच असतो. त्याच्याशी भांडायला जा असं मी म्हणत नाही, गावात राहायचं आहे. पण त्यानं वावराची खरेदी करून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं दाद मागता येते, एवढं माहीत असू द्या.

दुसरी गाठ कृषी केंद्राची. तिथं व्याज लिहिलेलं नसतं म्हणून लोकांना ते दिसत नाही. रोखीनं घेणाऱ्याला जो भाव लागतो तो उधारीवाल्याला लागत नाही. बीटी कापसाच्या पाकिटाची सरकारी कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. उधारीच्या चिठ्ठीवर तुम्हाला ती किती लागली ते काढून पाहा. खताच्या गोणीसोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला सगळे लिंकिंग म्हणतात आणि सगळे सोसतात, कारण उधारीवाल्याला तोंड नसतं. आणि वसुलीसाठी तोच किंवा त्याचा माणूस नोव्हेंबरात घरी येऊन काटा लावतो. भाव त्याचा, काटा त्याचा. मी एकाला विचारलं होतं, जरा थांबून का नाही विकत. तो म्हणाला, “साहेब, थांबाले कापूस आपला पाह्यजे ना!”

हे वाक्य मला आजवर पुरलं आहे. पेरणीचा पैसा आपला नसला की पीकही पूर्ण आपलं नसतं.

म्हणून सावकार फिटला की पुढचं ध्येय एकच : एका पेरणीचा पैसा. तुमच्या सहा एकरांना वखरणीपासून पहिल्या निंदणापर्यंत एकरी आठ-साडेआठ हजार धरले तर ५० हजार. हा आकडा तुम्ही दोघांनी बसून स्वतःचा काढा, माझा घेऊ नका. ही रक्कम वेगळ्या खात्यात, पोस्टात चालेल, एटीएम कार्डाशिवाय. वरून त्या खात्याला नाव द्या, जूनचा पैसा. मुलीच्या वाढदिवसाला, मावसभावाच्या लग्नाला, नव्या मोबाइलला हात लावायचा नाही. ही बचत एका वर्षात होत नाही. पहिल्या वर्षी बियाण्यापुरते जमतील, दुसऱ्या वर्षी खतापुरते. जेवढं जमलं तेवढं रोखीनं घ्या आणि तेवढी उधारी कमी करा.

मग सोसायटीचं कर्ज कशाला, असं विचाराल. ते फेडून टाकायची घाई करू नका. राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर शून्य टक्के पडतं, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना त्यासाठीच आहे. फुकटचा पैसा आहे, पण मुदतीत भरणाऱ्यालाच. इथंच आपल्याकडं घोळ होतो. मार्चमध्ये कर्ज नवं-जुनं करायला आठ-दहा दिवसांसाठी कुणाकडून तरी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज उचलून त्याची परत करायची, आणि त्या आठ-दहा दिवसांचे हजारामागं वीस-तीस रुपये मोजायचे. शून्य टक्क्यांचं कर्ज अशानं सहज ३ टक्क्यांना जातं. जूनचा पैसा घरात असला की तो मार्चमध्ये याच कामी फिरवता येतो, आणि जूनच्या आत परत आपल्या जागी. एकच ५० हजार दोनदा उपयोगी पडतात.

दुसरा मोह कर्जमाफीचा. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन माफ्या मी टेबलाच्या आतून पाहिल्या. ज्यांचं बसलं त्यांचं बसलं. पण ‘यंदा माफी होते म्हणतात’ म्हणून न भरता बसलेल्यांपैकी किती जण अटीत बसले नाहीत, शून्य टक्क्यांना मुकले, थकबाकीदार म्हणून नवं कर्ज मिळेना, आणि शेवटी शेकडा ३ नं बियाणं आणलं, तेही पाहिलं. माफी आली तर घ्या. तिच्यावर पेरणी लावू नका.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट विचारायची आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलं नाही. सासरे गेल्या वर्षी वारले. वारसाचा फेरफार झाला का? झाला नसेल तर पीककर्ज, पीक विमा, पीएम किसानचे आणि नमो शेतकरी योजनेचे मिळून वर्षाचे १२ हजार, सगळं अडतं. तलाठ्याकडं मृत्यूचा दाखला घेऊन या महिन्यातच जा. सासूबाई, तुमचे यजमान आणि नणंदा, सगळ्यांची नावं लागतील. नणंदांना हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्रानं, आणि खुशीनं. पुढं यजमानांच्या हिश्श्यात तुमचंही नाव लावून घ्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, त्यानंतर १९९२ मध्ये शासनानंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा निर्णय काढला. यजमानांना अपमान वाटायचं कारण नाही. घरचा माणूस अचानक गेल्यावर नाव नसलेल्या बाईला टेबला-टेबलावर काय ऐकावं लागतं, ते मी खुर्चीच्या या बाजूनं ऐकलं आहे.

त्याच ओघात विमा. लोक विम्याला गुंतवणूक समजतात, आणि भाचा किंवा साळा एजंट असला की समजून घ्यायचीही सोय राहत नाही. वीस वर्षांचा हप्ता, तीन वर्षांत बंद, हातात निम्मेही नाहीत. अशी पॉलिसी मी स्वतः १९९६ मध्ये घेतली होती, बँकेत असून. तुम्हाला सध्या पुरेल ते स्वस्त आहे. जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०, माणशी वर्षाला ४५६ रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूचे आणखी २ लाख. पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात, आणि आपल्याकडं मे महिन्यात खातं कोरडं असतं. सात वर्षं हप्ता गेला आणि आठव्या वर्षी शिल्लक १८० रुपये म्हणून कापला गेला नाही, त्याच पावसाळ्यात माणूस गेला. हे मी ऐकीव सांगत नाही. दोघांच्या खात्यात २० मेपासून हजार-हजार राहू द्या.

वीज पडणं, साप चावणं, फवारणीतली विषबाधा यांत शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखांचं अनुदान मिळतं, पण कागद वेळेत लागतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यानंतर तरी यजमानांना तोंडाला बांधायला आणि वाऱ्याची दिशा पाहायला सांगा. आजारपणासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. दवाखान्यात पाय ठेवताच पहिल्या दिवशी विचारायचं की योजना इथं लागू आहे का. तुमचे ६० हजार कदाचित याच एका प्रश्नावाचून गेले.

विक्रीबद्दल थोडं सविस्तर, कारण बचतीपेक्षा इथं जास्त पैसा सांडतो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढलं की लगेच विकायचं, कारण किराणा, कपडे, मजुरी. बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते, पणन मंडळाची. सोयाबीन, तूर, चणा गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, ६ टक्क्यांनी, सहा महिन्यांसाठी. कापसाला ही सोय नाही. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का ते सोयाबीन सोंगायच्या आधी विचारा, पोती बंडीत भरल्यावर नको.

पण थांबलं की भाव येतोच, असं कुणी सांगितलं तर उठून या. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस १२ हजारांवर गेला. पुढच्या हंगामात लोकांनी तोच आकडा डोक्यात धरून कापूस घरात भरला. माजघरात कापूस, खाटेखाली कापूस. उन्हाळा आला, कापसातल्या किड्यांनी लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, दवाखाने झाले, आणि मे २०२३ मध्ये तो सात-साडेसात हजारांच्या आसपास विकला. सोयाबीनचं तसंच. २०२१ मध्ये १० हजारांच्या घरात गेलेलं, २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ असताना बाजारात चार-सव्वाचार हजारांना मागत होते. म्हणून मी लोकांना तीन वाटे करायला सांगतो. एक वाटा लगेच, देणी भागवायला. दुसरा संक्रांतीच्या आसपास. तिसरा थांबवता आला तर. कुठल्या वाट्याला उच्च भाव मिळेल ते मला आजही कळत नाही, पण तिन्ही वाटे एकदम तळाला जात नाहीत. कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर न्यायचा तर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कपात, त्यावर परत. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आहे. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताच्या, दिवशीचा पहिला वेचा ओला असतो, त्याला दोन दिवस ऊन दाखवा. तेवढ्या उन्हाचे क्विंटलमागं पैसे होतात.

जूनचा पैसा जमला, उधारी बंद झाली, मग एका वाईट वर्षाचा पैसा. घरखर्चाचे सहा महिने तरी. याला तुमच्या हिशेबानं चौथं-पाचवं वर्ष उजाडेल. कंटाळवाणं आहे. त्यावर व्हिडिओ निघत नाहीत.

त्यानंतर खरी संपत्ती. मुलगी सहा वर्षांची आहे, तिचं सुकन्या खातं मात्र आजच उघडा, कारण दहा वर्षांच्या आतच उघडता येतं, सध्या ८.२ टक्के व्याज आहे आणि वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं. पुढं हात मोकळा झाला की वाढवा. तुमच्या स्वतःच्या नावानं पीपीएफ, म्हणजे पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं, उघडा. त्याचं एक वैशिष्ट्य कुणी सांगत नाही : त्यातली रक्कम कर्जवसुलीसाठी कोर्टालाही जप्त करता येत नाही. ज्या घरावर कर्ज येत-जात राहतं त्या घरातल्या बाईच्या नावानं असं एक खातं असणं मला फार मोलाचं वाटतं. कापसाचे पैसे जानेवारीत आले तरी पीपीएफचा भरणा एप्रिलच्या ५ तारखेच्या आत करा, म्हणजे वर्षभराचं व्याज पडतं.

दरवर्षी ३० हजार, १५ वर्षं, आजच्या ७.१ टक्क्यांनी : तुम्ही भरलेले साडेचार लाख आणि हातात ८ लाख १३ हजार. पस्तिशीत सुरू केलंत तर पन्नाशीत. त्यावर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ५७ हजार. म्हणजे आजच्या दरानं दरवर्षीची पेरणी मुद्दलाला हात न लावता. मी ‘मोकळं होणं’ म्हणतो ते हे. पण थांबा, तोवर पेरणी ५० हजारांत होणार नाही. महागाई ५ टक्के धरली तर वीस वर्षांनी तीच पेरणी १ लाख ३० हजारांच्या वर जाते, आणि ५७ हजारांत निम्मीही भागत नाही. अटल पेन्शनचंही तेच. तिसाव्या वर्षी महिना ५७७ भरून साठीनंतर ५ हजार मिळतात खरे, पण त्याच महागाईनं ते आजच्या साडेअकराशे रुपयांइतके असतील. घ्या, वाईट नाही. म्हातारपण त्यावर सोडू नका.

म्हणूनच शेवटच्या टप्प्यात थोडा हिस्सा शेअर बाजाराच्या फंडात लागतो, साधा निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसा वाटून लावणारा. कापसाच्या पैशातून वर्षाला एक-दोनदा टाका, मासिक हप्ता नको. दहा वर्षं लागणार नाही तोच पैसा. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी दोन-सव्वादोन महिन्यांत जवळपास ३८ टक्के पडला होता. तेव्हा ज्यांचा पेरणीचा पैसा त्यात होता त्यांनी तळाला विकला. बाकीच्यांनी वाट पाहिली. आणि यजमान पानठेल्यावर पोरांसोबत मोबाइलमध्ये ऑप्शनचे आकडे पाहत असतील तर आधी ते बंद करा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये हिशेब मांडला : तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या शंभर सामान्य माणसांपैकी ९३ तोट्यात.

पतसंस्थेबद्दल एवढंच, की तिथली ठेव बँकेसारखी विम्यात येत नाही. बँकेत प्रत्येक खातेदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेला नाही. माझ्या वडिलांनी १९९८ मध्ये कापसाचे ४० हजार १४ टक्क्यांच्या लोभानं एका पतसंस्थेत ठेवले होते. मी तेव्हा बँकेतच होतो आणि त्यांना विचारलंही नाही की कुठं ठेवलेत. सहा वर्षांनी ९ हजार परत आले.

शेजारचा एकर विकायला निघालाय, घ्यावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. भाव ९ लाख सांगता. आपल्याकडं ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला, दिला तर तोच एकर वर्षाला चौदा हजार देतो, म्हणजे दीड टक्का. ९ लाखांची साधी ठेव साडेसहा टक्क्यांनी ५८ हजार देईल. वावराचा भाव वाढतो हे खरं, पण वाढलेला भाव विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि वावर विकायला कुणाचं मन होतं? उसनं काढून तर मुळीच नको. तुमच्या सहा एकरांत विहीर, ठिबक, किंवा गोठ्याला चार बेरारी शेळ्या, यांवर घातलेला पैसा सातव्या एकरापेक्षा लवकर बोलतो. उलट बाजूही पाहिली आहे. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या दोन भावांना सारखाच मोबदला मिळाला. थोरल्यानं पांढरी गाडी घेतली, पोराचं लग्न वाजवून केलं, उरलेल्यात तालुक्याला प्लॉट. धाकट्यानं मोबदल्यातून दूरच्या गावी सव्वापट जमीन घेतली आणि राहिलेलं बँकेत ठेवून विसरला. गाडी आता धाकट्याकडं आहे, थोरल्याकडून जुनी म्हणून घेतली.

इतकं लांबवलं, आता कामाचं. या आठवड्यात तलाठ्याकडं फेरफार. पुढच्या आठवड्यात सोनं घेऊन बँकेत, सासूबाईंनाही सोबत न्या, पावतीवर त्यांच्यासमोर वजन लिहून घ्या. कृषी केंद्रातून उधारीचा पूर्ण उतारा मागा, बिलासकट. देत नाही म्हणाला तर तसं मला लिहा. सोसायटीच्या खात्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते सचिवाला विचारून कळवा. तो उतारा आणि ती तारीख आली की तुमच्या जूनचा आकडा ५० हजार आहे की साठ, ते आपण पुन्हा मांडू.